आधी खालची फरशी वाजवून बघा

प्रश्न : डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर आमचा टू बीएचके आहे. इमारत १९८९ ची. सगळीकडे मोझॅकच्या लाद्या आहेत. हॉल-बेडरूममधल्या ठीक आहेत, पण स्वयंपाकघरात मोरीकडच्या पाच-सहा खचल्यात. घरात आई, मी, भाऊ आणि वहिनी. आई ७४ वर्षांची, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मार्चमध्ये ती बाथरूमच्या दारात घसरली, थोडक्यात निभावलं. तेव्हापासून फरशी बदलायचं घाटतंय. भावाने आणलेला कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, तोडफोड कशाला, आहे त्या लादीवरच नवी बसवू. बाथरूमसकट आठ दिवसांत काम संपवतो, गणपतीच्या आत. वहिनीला टू बाय फोरच्या पांढऱ्या चकचकीत टाइल्स आवडल्यात. भाऊ म्हणतो, आईसाठी मॅट घेऊ. वहिनी म्हणते, मॅट पुसली जात नाही. मला मुळात लादीवर लादी हेच पटत नाहीये. बाथरूम-संडास सोडून साडेचारशे चौरस फूट फरशी आहे. काय करावं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, लादीवर लादी या प्रकाराला तुम्ही जरा जास्तच घाबरताय, आणि बाथरूमच्या बाबतीत पुरेशा घाबरत नाही आहात. कॉन्ट्रॅक्टरने दोन्हीकडे एकच उपाय सांगितलाय, तिथेच त्याचं चुकतंय. हॉलमध्ये जे चालतं ते बाथरूममध्ये चालत नाही.

टाइल कुठली घ्यायची हा वाद घरात तूर्त बंद ठेवा. आधी आहे ती फरशी तपासा. लाटणं घ्या आणि सकाळी रस्त्याचा गोंगाट सुरू व्हायच्या आत एकेक मोझॅक लादी त्याच्या टोकाने वाजवत घरभर फिरा. भरीव लादी टणक आवाज देते, खाली पोकळी असली की आवाज डबडब येतो. पोकळ निघेल तिच्यावर खडूने फुली मारा. शेकडो ठिकाणी वाकायचं काम आहे, भावाला लावा. शेवटी फुल्या मोजल्या की निम्मा निर्णय झाल्यात जमा. तुरळक असतील, तर तेवढ्या लाद्या काढून खाली वाळू-सिमेंटचा माल भरून जागा सपाट करायची आणि वर नवी टाइल खुशाल बसवायची. खोलीतल्या तिसरा हिस्सा लाद्या पोकळ निघाल्या तर त्या खोलीत तोडायलाच हवं. नवी टाइल कितीही भारी घेतली तरी ती चिकटणार जुन्या लादीला, आणि जुनी लादी हलली की तिच्यासकट हीही हलणार.

मोरीकडच्या खचलेल्या लाद्यांचा मामला वेगळा आहे. स्लॅबवर बसवलेली मोझॅक अशी सहज खचत नाही. पाणी वर्षानुवर्षं झिरपून खालचा माल भुसभुशीत झाला की खचते. म्हणजे कुठेतरी गळतंय. मोरीचा सांधा असेल, भिंतीतली लोखंडी पाइप असेल, जाळीच्या खालचा सांडपाण्याचा ट्रॅप असेल. खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या स्वयंपाकघराचं छत बघून या. पोपडे, पिवळे डाग, बुरशी दिसली तर उत्तर मिळालं. (ते तुम्हाला आधीच काही बोलले नसतील तर फारच सोशिक शेजारी आहेत.) तो भाग फोडून गळती बंद केल्याशिवाय त्यावर काहीही बसवू नका. वरून टाइल लावली की गळती वर्ष-दोन वर्षं दिसत नाही एवढंच, स्लॅबमधल्या सळ्यांना गंज लागायचं थांबत नाही.

आता वजन. तुम्ही ते विचारलं नाही, पण १९८९ च्या इमारतीत विचारायला हवं होतं. नऊ मिलिमीटर जाडीच्या व्हिट्रिफाइड टाइलचं वजन चौरस मीटरला २० ते २१ किलो, ती चिकटवायच्या ॲडहेसिव्हचे पाच-सहा किलो धरा. साडेचारशे चौरस फूट म्हणजे सुमारे ४२ चौरस मीटर. एकूण अकराशे किलोच्या आसपास भार कायमचा वाढतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण घराच्या स्लॅबचा हिशेब करताना माणसं आणि सामान यांच्यासाठीच चौरस मीटरला २०० किलो धरलेले असतात, त्यामुळे धडधाकट स्लॅबला हे जड नाही. प्रश्न स्लॅब धडधाकट आहे का, हा आहे. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक असतं, तुमच्या सोसायटीचं झालेलं असेल. सेक्रेटरींकडून अहवाल मागून घ्या, तुमच्या मजल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. कुठे छताच्या सळ्या उघड्या पडल्याचा उल्लेख असेल तर लादीवर लादीचा विषय तिथेच संपला. ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरला एक फोन करून लेखी होकार घेतला तर उत्तम. पुढे सोसायटीत कुणाचं छत टपकलं तर पहिलं बोट तुमच्या नव्या फरशीकडेच जाणार आहे.

तोडून केलं तर वजन फारसं वाढत नाही, कारण जुनी लादी आणि तिच्या खालचा थर निघून जातो. मात्र चार-पाच टन राडारोडा जिन्याने उतरवायचा, तो टाकायला टेम्पो, हातोड्याचे हादरे, सोसायटीची परवानगी आणि धूळ. ज्यांच्या घरात ७४ वर्षांची आई आहे त्यांनी हे गरज असेल तरच करावं.

तिसराही एक मार्ग आहे, जो कॉन्ट्रॅक्टर सहसा सुचवत नाहीत, कारण त्यात त्यांना मिळत काही नाही. बेडरूममधली मोझॅक भरीव निघाली तर तिला मशीन लावून घासून पॉलिश करून घ्या. मोझॅकच्या वरच्या थरात संगमरवराच्या खड्या असतात. वरचा मळका पापुद्रा घासून काढला की त्या पुन्हा उठून दिसतात. घासताना राखाडी चिखल होतो, एक-दोन दिवस घर अंगावर येतं, पण वजन वाढत नाही, पातळी बदलत नाही, दारं कापावी लागत नाहीत. मोझॅकला आपण उगाचच जुन्या बाजारात काढलंय, असं माझं मत. वर मेण मात्र चोपडू देऊ नका, घसरायला होतं. दोन बेडरूमचे पैसे वाचले तर ते बाथरूमला लावा. वहिनींना पटलं नाही तर आग्रह नाही, रोज त्या फरशीवर वावरायचं त्यांनाही आहे.

समजा, हॉल आणि स्वयंपाकघरात लादीवर लादी करायचं ठरलं. फरशी १२ ते १५ मिलिमीटरने वर येईल, म्हणजे अर्धा इंच किंवा किंचित जास्त. हा अर्धा इंच घरात कुठे कुठे नडतो ते आधीच बघून ठेवा. सगळी लाकडी दारं खालून तासावी लागतील. सेफ्टी डोअर लोखंडी असेल तर ते तासता येत नाही, बिजागऱ्या वर घ्याव्या लागतात. बाल्कनीच्या सरकत्या दाराची पट्टी टाइलच्या पातळीला येते आणि पावसाचं पाणी आत यायला वाट मिळते. भिंतीतल्या कपाटाचं खालचं दार उघडत नाही. ओटा अर्ध्या इंचाने बुटका होतो, ते खपून जातं. आणि बाथरूमच्या दारातली पायरी तेवढीच आणखी उंच होते, जिथे तुमची आई घसरली त्याच जागी.

बसवण्याच्या पद्धतीवर जरा थांबतो, कारण पैसे इथेच वाया जातात. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी पीतच नाही, वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. वाळू-सिमेंटचा माल आणि सिमेंटचा घोळ पकड घेतो तो छिद्राछिद्रांत शिरून, आणि इथे शिरायला छिद्रंच नाहीत. त्यात खाली मोझॅक, तीही तीस-पस्तीस वर्षं पुसून गुळगुळीत झालेली. दोन गुळगुळीत पाठींच्या मध्ये साधा माल टिकत नाही. म्हणून ॲडहेसिव्ह, आणि तोही लादीवर लादीसाठी चालणारा. पिशवीवर आय एस १५४७७ हा मानक क्रमांक आणि टाइप लिहिलेला असतो. टाइप १ साध्या सिरॅमिकसाठी असतो, तो इथे चालणार नाही. 'टाइल ऑन टाइल' असा वापर ज्या पिशवीवर छापलाय तीच घ्या. वीस किलोच्या पिशवीत ४० ते ५० चौरस फूट होतं. म्हणजे तुमच्या सगळ्या घराला दहा-बारा पिशव्या. कॉन्ट्रॅक्टरने पाचच पिशव्या आणल्या तर समजा की तो टाइलच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये गोळे ठेवून वरून दाबणार आहे. ही पद्धत झटपट होते, दिसतेही छान. पण गोळ्यांच्या मध्ये पोकळी राहते, आणि त्या पोकळीवर वरवंटा पडला की टाइल कपचते.

खरी पद्धत अशी. मोझॅकवरचं मेण, तेल, पॉलिश काढायचं, त्यासाठी ग्राइंडर फिरवून पृष्ठभाग खरखरीत करायचा किंवा टाचे मारायचे. धूळ ब्रशने नाही, ओल्या फडक्याने काढायची. टाइलच्या पाठीवर भट्टीतली पांढरी भुकटी असते तीही पुसायची, हे काम हमखास गाळलं जातं. ॲडहेसिव्हमध्ये पिशवीवर लिहिलंय तेवढंच पाणी मोजून घालायचं, पाच-दहा मिनिटं मुरू द्यायचं, पुन्हा ढवळायचं. घट्ट व्हायला लागला म्हणून वरून पाणी ओतलं की त्याची ताकद गेली. दातेरी थापीने एकाच दिशेला रेघा ओढायच्या, टाइल ठेवून रबरी हातोडीने ठोकायची. तुम्ही घरी असाल तर पहिल्या दिवशी नुकतीच बसवलेली एक टाइल उचलून दाखवायला सांगा. पाठ सगळीकडे माखलेली असायला हवी. मिस्त्री नाक मुरडेल, मुरडू दे. त्यानंतरच्या टाइल्स तो नीट बसवेल.

दोन टाइल्समध्ये फट राखायला किमान दोन मिलिमीटरचा स्पेसर. मिस्त्री म्हणतील, "ताई, जोड दिसणारच नाही असं चिकटवून देतो." नको म्हणा. सिमेंट वाळताना आणि नंतरही थोडं आकसतं, टाइल आकसत नाही, वर उन्हाने ती फुगते. जागाच नसली की एखाद्या दुपारी मोठा आवाज होऊन हॉलच्या मधोमध टाइल्स तंबूसारख्या वर येतात. त्याच कारणासाठी भिंतीलगत चारी बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर फट सोडायची, ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाच्या पट्टीखाली, झाकली जाते. त्या फटीत माल भरू द्यायचा नाही.

जोडांत भरायचा ग्राउट हॉलमध्ये साधा सिमेंटचा चालेल. स्वयंपाकघरात एपॉक्सी घ्या, हळद आणि तेल जोडात शिरत नाही. रंग पांढरा घेऊ नका. मातकट किंवा फिका राखाडी घ्या, सहा महिन्यांनी सगळ्या जोडांचा तोच रंग होणार असतो.

आता वहिनी-भावाचा वाद. पांढऱ्या चकचकीत टाइलला मी तुमच्या घरात नाही म्हणेन. घसरण्याचं कारण आहेच, पण आणखी एक आहे. वयस्कर माणसांना, विशेषतः मोतीबिंदू असेल तर, चकचकीत फरशीत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं की तिथे पाणी सांडलंय असं वाटतं. ती जागा चुकवून पाय टाकायला जातात आणि तोल जातो. मात्र वहिनींचंही खोटं नाही. खडबडीत मॅट टाइलमध्ये मळ बसतो आणि फडकं अडकतं. मधला प्रकार मिळतो, दुकानदार त्याला सॅटिन मॅट म्हणतात. हाताला रेशमी लागते, पुसली जाते, चमकत नाही. दुकानात पाट्या बघून निवडू नका. दोन नमुने घरी आणा. एक दिवस खिडकीशी आणि एक रात्र ट्यूबखाली ठेवा. हळद घातलेलं तेल टाकून रात्रभर ठेवून पुसून बघा. साबणाचं पाणी टाकून अनवाणी पाय घासून बघा. आईचा नाही, भावाचा.

आकार टू बाय टूच घ्या. दुकानात टू बाय फोर देखणी दिसते, कारण तिथली जमीन आरशासारखी सपाट असते. टाइल जितकी लांब तितकी भट्टीत तिला किंचित कमान येते, आणि जुन्या चढउताराच्या फरशीवर तिची टोकं वर-खाली राहतात. दोन मिलिमीटरची कड आईच्या पावलाला ठेचकाळायला पुरते. शिवाय त्या काळातल्या खोल्या गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसतात, एक भिंत दुसरीपेक्षा दोन-तीन इंच तिरकी निघते. मोठ्या टाइलची तिथे कापाकापी जास्त, नासाडीही जास्त. कामाआधी मिस्त्रीला दोरी मारून टाइल्स कोरड्याच मांडायला लावा. पूर्ण टाइल दारातून दिसेल अशी यावी, तुकडे पलंगाखाली-कपाटाखाली जावेत.

आणि खोके मोजताना डोळे उघडे ठेवा. टू बाय टूच्या चार टाइल्सचं खोकं सोळा चौरस फुटांचं म्हणून विकतात. पण टाइल ६०० मिलिमीटरची असते, पूर्ण दोन फुटांची नाही. खोक्यात प्रत्यक्षात साडेपंधरा भरतात. साडेचारशेवर दहा टक्के कापाकापीचे धरले तर ४९५, भागिले साडेपंधरा, म्हणजे ३२ खोकी. एक जास्तीचं घेऊन माळ्यावर ठेवा. पाच वर्षांनी एक टाइल फुटली की तीच छटा टाइल्सचं माहेर असलेल्या गुजरातेतल्या मोरबीत कुणी बनवत नसतं. सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेड क्रमांक एकच आहे ना, ते टेम्पो खाली करण्याआधी बघा. हो, आणि ही ३३ खोकी म्हणजे जवळपास एक टन. सगळी हॉलच्या मधोमध रचून ठेवू नका. भिंतींच्या कडेने, दोन-तीन खोल्यांत वाटून ठेवायला सांगा.

बाथरूमकडे येतो. तिथे लादीवर लादी नको म्हणजे नको. १९८९ चं वॉटरप्रूफिंग आजवर टिकलं असेल असं धरून चालू नका, आणि ते करायचं तर खालपर्यंत जावंच लागतं. तोडा. लोखंडी पाइप काढून नव्या टाका, नहाणी ट्रॅप बदला, वॉटरप्रूफिंगचे हात जमिनीवर आणि भिंतीवर फूटभर वरपर्यंत मारा. मग ट्रॅपचं तोंड बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेवा. या दोन दिवसांत खालच्या शेजाऱ्यांकडे छत बघायला जायचं, चहाही होईल. पाणी उतरलं नाही तरच टाइल. टाइल एक बाय एकची मॅट घ्या, कारण लहान टाइलला ढाळ नीट देता येतो आणि जोड जास्त असल्याने पायाला पकड मिळते. पकडीसाठी काही कंपन्या आर ९ ते आर १३ अशी श्रेणी देतात. आकडा मोठा तितकी घसरण कमी. आर ९ हॉलला ठीक, बाथरूमला आर १० किंवा ११ मागा. ढाळ चार फुटाला अर्धा इंच. टाइल ग्राउट करण्याआधी तांब्याभर पाणी चारी कोपऱ्यांत ओता, सगळं ट्रॅपकडे गेलं पाहिजे, कुठे थबकलं तर तेवढा भाग लगेच काढायला लावा.

तोडतोच आहोत तर दारातली पायरीही कमी करून घ्या. आत ढाळ नीट असेल तर पाऊण इंच पुरतो. कडेला गडद रंगाची पट्टी बसवा, म्हणजे पायरी कुठे आहे ते आईला लगेच कळेल. आणि भिंत उघडी असतानाच धरायच्या दांड्यांसाठी जागा ठरवा, एक कमोडशेजारी आणि एक दारात आतल्या बाजूला. नंतर टाइल भोकं पाडून बसवताना ती तडकते आणि वॉटरप्रूफिंगही फुटतं.

आठ दिवसांचं गणित बघा. एक मिस्त्री आणि एक हेल्पर चांगल्या पद्धतीने दिवसाला ८० ते १०० चौरस फूट करतात. साडेचारशेला पाच-सहा दिवस, मग ग्राउट, स्कर्टिंग, दारं. रिकाम्या घरात एवढंच काम असेल तर आठ-नऊ दिवसांत होईलही. पण बाथरूमला तोडणं, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, पाण्याची चाचणी आणि टाइल मिळून दहा-बारा दिवस वेगळे लागतात. दोन्ही आठ दिवसांत म्हणजे पाण्याची चाचणी होणार नाही, हे नक्की.

म्हणून माझा क्रम असा. गणपतीआधी फक्त बाथरूम करा, धोका तिथे आहे. तेवढे दिवस आईंना कुणा नातेवाइकांकडे ठेवा. स्वयंपाकघरातली गळतीही त्याच प्लंबरकडून काढून घ्या, खचलेली जागा सिमेंटने भरून ठेवा. यंदाचे गणपती मोझॅकवर बसले तरी बाप्पाची हरकत नसते. हॉल-किचन दिवाळीनंतर घ्या. पण टाइल बसवणाऱ्या मिस्त्रींपैकी बरेच जण दिवाळी-छठला गावी जातात, तेव्हा ते परतल्यावरची तारीख आत्ताच घेऊन ठेवा.

कॉन्ट्रॅक्टर बदलायची गरज नाही. त्याच्याशी कागदावर बोला. ॲडहेसिव्हची कंपनी आणि टाइप, पिशव्यांची संख्या, स्पेसर, पोकळ टाइल बदलून देण्याची जबाबदारी, राडारोड्याचा खर्च कुणाचा, दारं तासण्याचे पैसे वेगळे की त्यातच, हे सगळं लिहून घ्या. दहा टक्के रक्कम शेवटी राखा. टाइल बसून आठवडा झाला की लाटणं घेऊन पुन्हा एक फेरी मारा, यावेळी त्याला सोबत घेऊन. डबडब वाजतील त्या बदलल्यावर उरलेले पैसे द्या. सिमेंटचे डाग काढायला तो ॲसिडची बाटली आणेल, ती ग्राउटवर वापरू देऊ नका.